कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी व्हॅन: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेले अकरा महिने आम्ही मध्यम लांबीची, दोन लिटर डिझेल इंजिनाची, सहा आसनांची व्हॅन कॅरॅव्हॅन (गाडीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर) ओढण्यासाठी वापरत आहोत. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि गिअर हातानेच बदलावे लागतात. या काळात कॅरॅव्हॅन जोडून सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आणि न जोडता जवळपास दुप्पट अंतर झाले. त्याआधी हेच काम एक डिझेल मोटार करत असे. व्हॅन घेताना एकच शंका होती, की इंजिनाला हे ओझे झेपेल का. आता मागे वळून पाहता ती शंका अगदीच अनाठायी होती. ताकद भरपूर आहे. खरा विचार करायला हवा होता तो व्हॅनच्या मागच्या चाकांपलीकडे उरणाऱ्या लांबलचक शेपटीचा.

इंजिनाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मिनिटाला साधारण १५०० फेऱ्यांपासूनच ३४० न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा पीळ) मिळत असल्यामुळे लांब चढ चौथ्या गिअरमध्ये निमूटपणे पार पडतात आणि उतारावर तिसरा गिअर टाकला की ब्रेकला विश्रांती मिळते. अपवाद फक्त रिव्हर्सचा आहे. चढावर कॅरॅव्हॅन मागे ढकलताना रिव्हर्स गिअर फार वेगवान वाटतो, त्यामुळे क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागतो आणि दोन-तीन मिनिटांत जळका वास येऊ लागतो. असा प्रसंग वारंवार येणार असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी द्रवातून ताकद पोहोचवणारा भाग) असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घ्यावा, असे माझे मत झाले आहे.

वजनांचा हिशेब मात्र सावकाश करण्यासारखा आहे. व्हॅनच्या कागदपत्रांत ओढण्याची मर्यादा २००० किलो दिली आहे आणि विक्रेतेही तोच आकडा अभिमानाने सांगतात. दाराजवळच्या पाटीवर मात्र आणखी एक आकडा असतो, व्हॅन आणि कॅरॅव्हॅन यांच्या एकत्रित वजनाचा. आमच्या व्हॅनचे भरलेले कमाल वजन ३००० किलो आणि एकत्रित मर्यादा ४७०० किलो आहे. म्हणजे व्हॅन काठोकाठ भरली, तर मागे १७०० किलोच ओढता येतात. आमची कॅरॅव्हॅन पूर्ण भरल्यावर १५०० किलोची असल्याने निभावते, पण केवळ २००० या आकड्यावर विसंबून कोणी १९०० किलोची कॅरॅव्हॅन घेतली, तर व्हॅन काठोकाठ न भरता २०० किलोंनी हलकी ठेवावी लागेल.

आता शेपटीविषयी. कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार टो-बॉलवर (व्हॅनच्या मागचा, कॅरॅव्हॅन ज्यावर अडकवतात तो गोळा) पडावा, असा संकेत आहे. आम्ही तो ९० किलोच्या आसपास ठेवतो. आमच्या व्हॅनमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर, तर मागच्या चाकांपासून टो-बॉलपर्यंत १.२ मीटर अंतर आहे. तरफेच्या न्यायाने हे ९० किलो मागच्या चाकांवर १२६ किलो होऊन बसतात आणि पुढची चाके ३६ किलोंनी हलकी होतात. सामान्य मोटारीची शेपटी आखूड असल्याने हा परिणाम तिथे बराच कमी जाणवतो. शिवाय कॅरॅव्हॅन बाजूला झुकली, की तिचा धक्का याच लांब दांड्याने व्हॅनच्या मागच्या चाकांवर येतो. व्हॅनचे वजन आणि टायरच्या कडक भिंती यामुळे तो बराचसा जिरतो, परंतु जिरण्यालाही मर्यादा असते.

ती मर्यादा आम्हाला तिसऱ्याच महिन्यात कळली. दोन सायकली कॅरॅव्हॅनच्या मागच्या भिंतीवर टांगलेल्या होत्या. हलक्या उतारावर, ताशी नव्वदच्या सुमारास, एक उंच ट्रक शेजारून पुढे गेला आणि त्याच्या झोताने कॅरॅव्हॅन डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे अशी झुलू लागली. दोन्ही आरशांत आळीपाळीने तिची पांढरी भिंत दिसत होती. अशा वेळी ब्रेक दाबावासा वाटतो, पण मी अॅक्सिलरेटरवरून पाय उचलून स्टिअरिंग सरळ धरून ठेवले; वेग सत्तरच्या खाली आल्यावर झोके थांबले. (शेजारी बसलेल्यांनी पुढचा अर्धा तास एक शब्दही काढला नाही.)

मुक्कामी पोहोचल्यावर न्हाणीघरातला साधा वजनकाटा कॅरॅव्हॅनच्या कपलिंगखाली (टो-बॉलवर बसणाऱ्या पुढच्या टोकाखाली) ठेवला, त्यावर जोडलेल्या अवस्थेतील उंची येईल एवढा लाकडाचा ठोकळा उभा केला आणि जॉकी व्हील (कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाला आधार देणारे, वर-खाली होणारे छोटे चाक) हळूहळू वर घेतले. काटा ५२ वर थांबला. सायकलींनी मागून दाबून पुढचा भार जवळजवळ निम्म्यावर आणला होता, शिवाय दूर टोकाला लटकल्यामुळे झोक्याचा जोरही वाढवला होता. तेव्हापासून सायकली व्हॅनच्या आत, पुढच्या बाजूला जातात. तंबूचे जड कापड आणि अवजारे मागच्या चाकांच्या लगेच पुढे ठेवली जातात. कॅरॅव्हॅनमधील जड सामान तिच्या चाकांवर, जमिनीलगत असते. सामान पोटात घेण्याची व्हॅनची क्षमता हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि मोटारीत हे जमलेच नसते. त्या दिवसापासून असे झोके पुन्हा आलेले नाहीत.

त्याच सुमारास टो-बॉलला पट्ट्यांनी घट्ट धरून झोके दाबणारे घर्षण-कपलिंगही बसवले. पहिल्या दोन प्रवासांत ते प्रत्येक वळणावर करकरत होते. नव्या टो-बॉलवरचा काळा रंग खरवडून काढायचा असतो, हे बसवून देणाऱ्याने सांगितलेच नव्हते. रंगाची भुकटी घर्षण-पट्ट्यांत बसली आणि पट्ट्या बदलाव्या लागल्या. या कपलिंगसोबत टो-बॉलवर ग्रीस अजिबात चालत नाही.

पुढची चाके हलकी होण्याचा दुसरा परिणाम ओल्या गवतावर दिसतो. पावसानंतर तळावरून निघताना चाके जागीच फिरून चिखल उडवू लागतात, आणि जितका जोर द्यावा तितकी ती खोल जातात. दुसऱ्या गिअरमध्ये, स्टिअरिंग सरळ ठेवून, अगदी अलगद निघणे हा पहिला उपाय. तो फसला, तर कॅरॅव्हॅन सोडून व्हॅन पक्क्या जमिनीवर न्यावी आणि लांब पट्ट्याने ओढावे. आता आम्ही मुक्कामाची जागा निवडतानाच निघतेवेळी पुढची चाके खडीवर येतील असे पाहतो.

रोजच्या वापरातल्या काही गोष्टी थोडक्यात. वर उघडणारा एकच मागचा दरवाजा असलेली व्हॅन घेऊ नये, कारण कॅरॅव्हॅन जोडलेली असताना तो उघडता येत नाही. आमचे दोन पाखांचे दरवाजे उघडतात, पण डाव्या दरवाजाला जॉकी व्हीलच्या हँडलने आधीच एक ओरखडा बहाल केला आहे. व्हॅनचे आरसे मोठे असले, तरी २.३ मीटर रुंदीच्या कॅरॅव्हॅनमागचे पाहण्यास ते पुरत नाहीत; जोड-आरसे लावावेच लागतात. जोडणीनंतर मागची बाजू दबून हेडलाइट वर पाहू लागतात, म्हणून त्यांची उंची कमी करून घ्यावी.

विजेच्या जोडणीत आमची फसगत झाली. पहिल्या कारागिराने कुठल्याही गाडीला चालणारी वायरिंग बसवली. परिणामी रिव्हर्स घेताना पार्किंग सेन्सर कॅरॅव्हॅनलाच अडथळा समजून अखंड ओरडत राहत. याच गाडीसाठी बनवलेली १३ पिनांची वायरिंग घातल्यावर ते गप्प झाले. नव्या डिझेल गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीज बनवणारे यंत्र) गरजेनुसार व्होल्टेज कमी करतो, त्यामुळे कॅरॅव्हॅनची बॅटरी प्रवासात नीट भरत नव्हती. त्यासाठी व्होल्टेज बॅटरीला हवे तेवढे करून देणारा वेगळा डीसी-डीसी चार्जर बसवावा लागला.

इंधनाबाबत मात्र सुखद धक्का बसला. एकटी व्हॅन लिटरला साडेबारा किलोमीटर देते आणि कॅरॅव्हॅनसह पावणेनऊ. जुनी मोटार एकटी सतरा देत असे, पण तीच कॅरॅव्हॅन जोडली की नऊवर येई. व्हॅनची उंच पाठ वाऱ्याला आधीच फोडते, त्यामुळे मागच्या कॅरॅव्हॅनने त्यात फार भर पडत नाही. ताशी ऐंशीच्या पुढे गेल्यावर हा फायदा झपाट्याने विरतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावरही आम्ही काटा त्याच आकड्यावर ठेवतो.