तक्रारपेटी आणि १०९८: चावी कुणाकडे, यावर सगळं अवलंबून

शाळेत तक्रारपेटी सक्तीची, म्हणून ती भिंतीवर असतेच. पण मुख्याध्यापकांच्या दाराशी, सीसीटीव्हीखाली लावलेली पेटी फक्त तपासणीला दाखवायची. तिथे चिठ्ठी टाकणारं पोरगं अख्ख्या व्हरांड्याला दिसतं. पेटी पाण्याच्या टाकीच्या वाटेवर हवी, पाचवीतल्या मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.

दुसरा घोळ चावीचा. ती वर्गशिक्षकाकडे असली आणि त्रास देणारा त्यांचाच मॉनिटर निघाला, तर चिठ्ठी गुपचूप खिशात जाते. २०२२च्या शासन निर्णयानुसार शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती हवी. पेटी तिच्यातल्या दोघांसमोर उघडावी, एक पालक असलेला बरा. तारीख आणि चिठ्ठ्यांची संख्या वहीत चढवावी. महिनोन्महिने शून्य दिसलं, तर पोरं सुखी आहेत असं नाही, पेटी मेलेली आहे.

'मला त्रास देतात' एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. 'सातवी ब, मधली सुट्टी, नळाजवळ, सोमवारपासून रोज, मन्हा डबा फेकी देतस' अशी चिठ्ठी उपयोगाची. अहिराणीत लिहिली म्हणून बाजूला टाकू नये. बोलीवरून चिडवणं हेच कित्येकदा मूळ दुखणं असतं. एसटीतला त्रास शाळा 'आमच्या हद्दीबाहेरचा' म्हणून झटकते. बसची वेळ आणि थांबा लिहिला, तर झटकणं अवघड जातं.

शाळा हलली नाही तर १०९८, म्हणजे मुलांसाठीची मदतवाहिनी: चोवीस तास, मोफत, मूल स्वतः लावू शकतं. नुसतं 'पिंपळगाव' सांगून भागत नाही, जळगाव जिल्ह्यातच त्या नावाची गावं कितीतरी. तालुका आणि शाळेचं पूर्ण नाव आधी सांगावं. फोनची तारीख, वेळ टिपून ठेवावी, पाठपुराव्याला कामी येते. मूल झोपत-जेवत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६, मराठीतही बोलता येतं.

लैंगिक छळाचा संशय असेल तर पेटी उघडायची वाट पाहू नये. पॉक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि 'आपसात मिटवू' म्हणत दडपलं तर कलम २१ खाली शिक्षा होते.

पेटीला पाचपैकी दोन गुण, १०९८ला साडेतीन. नंदुरबारकडच्या निवासी आश्रमशाळांत पेटीला एकच: शाळेची इमारत संध्याकाळी कुलूपबंद होते, आणि मोठ्या पोरांची दादागिरी सुरू होते ती वसतिगृहात, जेवणानंतर. तिथे दुसरी पेटी लागते, आणि पावरी-भिली बोलणाऱ्या लहानग्यांसाठी चित्र काढून टाकायची मुभाही.