सिअ‍ॅटलला जाऊन सॅमन धरायचाय? आधी पाणी कुठलं ते ठरवा

पुण्यात आता प्रत्येक सोसायटीत कोणाचं तरी पोरगं सिअ‍ॅटलच्या बाजूला, बेलव्ह्यू नाहीतर रेडमंडला असतंच, आणि आजी-आजोबा, नातवंडं, मावशी असे सगळे तिकडे जमणार म्हटलं की फॅमिली ग्रुपवर कोणीतरी सॅमन फिशिंगचं पिल्लू सोडतं. मग दोन दिवस सगळी चर्चा मासा केवढा मिळेल यावरच. माझं म्हणणं असं की माशाचं नंतर बघा, घरात सगळ्यात आधी बोट कोणाला लागेल ते बघा आणि त्याला झेपेल असं पाणी निवडा. ताम्हिणी घाटात दोनदा गाडी थांबवायला लावणारं माणूस बरोबर असेल तर अर्धा निर्णय तिथेच झाला.

पर्याय ढोबळमानाने चार. सिअ‍ॅटलच्या दारातला प्युजेट साउंड (जमिनीत आत शिरलेला समुद्राचा फाटा), तिथून गाडीने अडीच-तीन तासांवरचं वेस्टपोर्ट, कॅनडात व्हँकूव्हर आयलंडवरचं कॅम्बेल रिव्हर, आणि अलास्कातलं केचिकन.

पण त्याआधी कॅलेंडर, कारण घोळ इथेच होतो. आपल्या शाळांची सुट्टी एप्रिल-मे, जूनच्या मध्याला शाळा सुरू, आणि सॅमनचा खरा जोर जुलै ते सप्टेंबर, म्हणजे नेमका आपला श्रावण आणि गणपती. सासूबाई श्रावण पाळत असतील तर मासा धरायचा कोणी आणि खायचा कोणी हे घरात आधीच बोलून घ्या, उगाच बोटीवर वाद नको. मे महिन्यातच जायचं असेल तर चारातलं केचिकनच त्यातल्या त्यात जमतं, तिथे किंग म्हणजे चिनूक, सॅमनमधली सगळ्यात मोठी जात, मे-जूनमध्ये येतो. बाहेरच्या लोकांना किंग वर्षाला किती ठेवता येतात यावर मर्यादा आहे आणि काही भाग बंदही ठेवतात, त्यामुळे चार्टरवाल्याला (कप्तानासकट बोट भाड्याने देणाऱ्याला) त्या वर्षीचं विचारूनच तिकिटं काढा. मे महिन्यात सिअ‍ॅटललाच असाल तर सॅमनचा हट्ट सोडा आणि लिंगकॉडला जा, प्युजेट साउंडच्या बऱ्याच भागात त्याचा सीझन १ मे ते १५ जून असतो, दिसायला भयंकर पण खायला एकदम छान पांढरा मासा.

आता प्युजेट साउंड. दोन्हीकडे जमीन, त्यामुळे लाटा कमी, सकाळी जाऊन जेवायच्या वेळेला घरी, आणि अगदीच कोणाला त्रास झाला तर किनारा लांब नाही. शहरातल्याच बॅलर्ड भागातल्या शिलशोल मरीनातून चार्टर निघतात. पद्धत बहुतेक डाउनरिगरची, म्हणजे केबलला जड गोळा लावून आमिष पाहिजे त्या खोलीवर ओढत न्यायचं, मासा लागला की दोरी सुटते आणि मग रॉड तुमच्या हातात, त्यामुळे नऊ-दहा वर्षांचं पोरगंही मजेत करू शकतं. तोटा असा की चिनूकचे दिवस इथे फार थोडे, कोटा संपला की बंद. कोहो ही सॅमनची दुसरी जात मिळते पण खूप ठिकाणी फक्त हॅचरीचा, म्हणजे केंद्रात पिल्लं वाढवून सोडलेला, ठेवायचा, शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा पर कापलेला असेल तो हॅचरीचा, पर शाबूत असेल तर जंगली, परत सोडा. पोराने अर्धा तास झुंजून आणलेला मासा सोडायला लागला की भोकाड ठरलेलं, हे आधीच समजावून ठेवा. विषम वर्षात मात्र, म्हणजे २०२५, २०२७ असं, ऑगस्टमध्ये पिंक सॅमन भरपूर येतो. दीड-दोन किलोचा, जाणकार लोक नाक मुरडतात, पण मुलांसाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही, कारण मुलांना मासा मोठा नको असतो, सारखा काहीतरी लागायला हवा असतो.

आणि एक, ज्यांना बोटीत बसायचंच नाही त्यांच्यासाठी बॅलर्ड लॉक्स या कालव्याच्या दरवाजांजवळची फिश लॅडर, म्हणजे माशांना वर चढायला केलेल्या पायऱ्या, आहे, फुकट, काचेतून सॅमन चढताना दिसतात, जुलैत सॉकाय ही आणखी एक जात आणि पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात चिनूक, कोहो. शाकाहारी आजीसुद्धा तिथे तासभर रमेल.

वेस्टपोर्ट म्हणजे खुला पॅसिफिक. मासे जास्त, सीझन साधारण जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत (कोटा असेपर्यंत), आणि मोठ्या बोटीवर सीटच्या हिशोबाने जागा मिळते त्यामुळे दोघा-तिघांना परवडतं. पण बोट पहाटे निघते, म्हणजे आदल्या रात्री तिथे मुक्काम, आणि निघताना खाडीच्या तोंडचा बार, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा उथळ पट्टा, ओलांडायला लागतो, जिथे ओहोटीचं पाणी आणि समुद्राच्या लाटा समोरासमोर येतात आणि पाणी उभं राहतं. पुढे दिवसभर हेलकावे. बोटीवर बाकीचे लोक पैसे भरून आलेले असतात, त्यामुळे तुमच्या काकूला बोट लागली म्हणून कोणी परत फिरणार नाही. एव्होमिन वगैरे घ्यायची तर बोट सुटायच्या आधी, उलट्या सुरू झाल्यावर तिचा काही उपयोग नाही, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी पुण्यातूनच डॉक्टरांना विचारून निघा. धडधाकट तिघं-चौघं असाल तर वेस्टपोर्टसारखी मजा नाही, पण पूर्ण कुटुंब घेऊन मी तरी सुचवणार नाही.

कॅम्बेल रिव्हर माझं सगळ्यात आवडतं, पण त्यात व्हिसाची मेख आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा लागतो, त्याला वेळ लागतो, आणि नुसत्या माशासाठी एवढं करणं बऱ्याच जणांना पटणार नाही. आधीच व्हिसा असेल तर मात्र बिनधास्त जा. व्हँकूव्हरहून फेरीने नानाइमो आणि तिथून दीडशे किलोमीटर गाडी. गावासमोरची डिस्कव्हरी पॅसेज ही सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी बेटांनी झाकलेलं, समुद्राच्या लाटा आत येत नाहीत. प्रवाह मात्र जबरदस्त, जवळच्या सेमूर नॅरोजमध्ये तो १५ नॉटपर्यंत जातो आणि तिथला रिपल रॉक नावाचा पाण्याखालचा खडक इतकी जहाजं खायचा की १९५८ साली सुरुंग लावून उडवला. म्हणूनच तिथे स्वतः बोट भाड्याने घ्यायचा विचार डोक्यात आणू नका, मुळशीत कयाक चालवली म्हणजे समुद्र कळला असं होत नाही. तिथे टायी क्लब आहे १९२४ पासूनचा, वल्ह्याच्या होडीतून, मोटर न लावता, ३० पौंडाच्या वरचा चिनूक धरला की सभासदत्व मिळतं. आपल्याला जमेल असं नाही, पण संध्याकाळी काठावरून त्या होड्या बघायला धमाल येते. आजोबांसाठी तिथे डिस्कव्हरी पिअर आहे, जमिनीला धरून, रेलिंगला टेकून गळ टाकायचा. फक्त फ्रेझर नदीचे चिनूक कमी झाल्यामुळे २०१९ पासून त्या बाजूला जुलैच्या मध्यापर्यंत चिनूक ठेवायला बंदी येते, त्यामुळे जायचं तर त्यानंतर.

केचिकनला सिअ‍ॅटलहून थेट विमान, देशांतर्गत, म्हणून वेगळा व्हिसा नको. एअरपोर्ट समोरच्या बेटावर, छोट्या फेरीने गावात यायचं. पाऊस वर्षाला साडेतीन मीटरच्या वर, ताम्हिणीचा पाऊस बारा महिन्यांत वाटून दिल्यासारखा, तेव्हा डीमार्टचा रेनकोट चालणार नाही. पाणी बेटांमुळे बरंच शांत. खर्च मात्र चारात सगळ्यात जास्त. अलास्का क्रूझ करणारच असाल तर केचिकनला थांबा असतो तेव्हा अर्ध्या दिवसाचा चार्टर जोडून घ्या, तो हिशोब बरा बसतो. पण सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या बहुतेक क्रूझ कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, म्हणजे कॅनडाचा व्हिसा तिथेही आडवा येतो, बुकिंगच्या आधी विचारा.

लायसन्सचं थोडक्यात. नुसतं बोटीत बसणाऱ्याला नको, रॉडला हात लावणाऱ्याला हवं. वॉशिंग्टनमध्ये १५ च्या खाली लायसन्स नको पण सॅमनसाठी कॅच रेकॉर्ड कार्ड (धरलेल्या माशांची नोंद करायचं) लहान मुलालाही लागतं, कॅनडात १६ च्या खालच्यांना फुकट पण काढावं लागतंच, अलास्कात १६ च्या खाली नको. छोट्या चार्टर बोटींवर सहाच पाहुणे चालतात, सातवं माणूस म्हणजे दुसरी बोट, आणि यात बाळही धरतात, तेव्हा मोजून सांगा. मुलाच्या मापाचं लाइफजॅकेट आहे का तेही फोनवर विचारा. डेकहँडला, म्हणजे बोटीवरच्या मदतनिसाला, १५-२० टक्के टिप द्यायची पद्धत आहे, ती बजेटमध्ये धरा.

म्हणजे ज्येष्ठ आणि लहान मुलं बरोबर, ऑगस्टमध्ये जाताय, वर्ष विषम, तर डोळे झाकून प्युजेट साउंड. कॅनडाचा व्हिसा हातात असेल तर कॅम्बेल रिव्हर, दोन रात्री राहून.

मासा पुण्याला आणायच्या भानगडीत पडू नका, पोरांच्या फ्रीजरमध्ये व्हॅक्युम पॅक करून ठेवा. सॅमनला स्वतःचंच तेल भरपूर, त्यामुळे हळद-मीठ-तिखट-कोकम लावून कातडीची बाजू खाली ठेवून मंद आचेवर, जवळजवळ कोरडाच भाजा. सुरमईसारखा रवा लावून कडकडीत तेलात टाकलात तर मासा कोरडा होईल आणि अपार्टमेंटचा स्मोक अलार्म वाजेल ते वेगळंच.