वर्दझिया आधी, रबाती नंतर: जॉर्जियाच्या खासगी गुहा-किल्ले टूरबद्दल, आठ महिन्यांनी

आल्याआल्या या टूरला पाचपैकी साडेचार दिले होते. आज साडेतीन देतो. टूर तीच आहे, फक्त आता फोटो वेळेप्रमाणे लावून पाहिले. वर्दझियाचे, म्हणजे कड्यात कोरलेल्या गुहानगराचे, जवळजवळ सगळे दुपारी तीननंतरचे, आणि सगळ्यांत कडा सावलीत.

हा दोष हवेचा नाही, क्रमाचा आहे. वर्दझियाचा कडा मत्कवारी (कुरा) नदीच्या डाव्या तीरावर, साधारण पूर्वेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी ऊन थेट गुहांच्या तोंडात शिरतं, दुपार कलली की सूर्य कड्यामागे जातो आणि अख्खी भिंत करडी, सपाट दिसायला लागते. एक दिवसाच्या टूरचा ठरलेला मार्ग मात्र तिबिलिसी, बोर्जोमी, अखलत्सिखे गावचा रबाती किल्ला, खेर्त्विसी किल्ला, शेवटी वर्दझिया असा. एकेरी अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर, चार तास नुसते चाकावर. त्यात बोर्जोमीला तिथलं खनिज पाणी पिण्याचा थांबा, रबातीला दोन तास, मग जेवण. ज्यासाठी एवढं लांब जायचं, त्याच्या वाट्याला उरतो दीड तास, तोही बिनउन्हाचा.

खासगी टूरचे पैसे आपण क्रम बदलता यावा म्हणून भरतो. पण हे आदल्या दिवशी ठरवावं लागतं. गाडीत बसल्यावर सांगितलं तर ड्रायव्हर मान डोलावतो आणि रबातीच्या पार्किंगमध्येच गाडी लावतो. त्याचं जेवणाचं ठिकाण तिथेच ठरलेलं असतं.

एका दिवसातच उरकायचं असेल तर सातला निघा, बोर्जोमी सरळ गाळा, अखलत्सिखेला न थांबता वर्दझिया गाठा. खेर्त्विसी आणि रबाती परतीच्या वाटेवरच आहेत. पण खरा उपाय म्हणजे अखलत्सिखेला मुक्काम. पहिल्या दिवशी गोरी शहराजवळचं उप्लिसत्सिखे (हेही खडकात कोरलेलं जुनं नगर, ते वाटेतच पडतं) आणि संध्याकाळी रबाती, दुसऱ्या दिवशी सकाळी वर्दझिया. ड्रायव्हरच्या मुक्कामाचा खर्च दरात धरलाय का, हे आधी विचारून ठेवा. तो हमखास शेवटी निघतो.

आता गाइडबद्दल. पहिल्यांदा लिहिताना 'गाइडची गरज नाही' असं ठोकून दिलं होतं, ते अर्धं मागे घेतो. 'गाइडसह' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर असतं. तो रस्त्यात छान बोलतो आणि तिकीट खिडकीपाशी 'दीड तासाने इथेच भेटू' म्हणून थांबतो. वर्दझियात हे चालून जातं, कारण वाट एकच आणि एकाच दिशेने जाणारी आहे. फक्त एक गोष्ट आधी कळलेली हवी. बाहेरून दिसणारी ती शेकडो भोकं खिडक्या नाहीत. बाराव्या शतकात तिसऱ्या गिऑर्गीने सुरू केलेलं आणि त्याची मुलगी राणी तमार हिने वाढवलेलं हे नगर बरंचसं कातळाच्या पोटात होतं. 1283 च्या भूकंपात कड्याचा बाहेरचा थर कोसळला आणि आतली दालनं उघडी पडली. म्हणजे आपण जे बघतो तो घराचा उभा छेद आहे. हे कळलं की अर्धवट तुटलेले ओटे, हवेत संपणाऱ्या पायऱ्या, भिंतीतले कोनाडे आणि जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या क्वेव्री, म्हणजे वाइनचे रांजण, आपोआप जागच्या जागी बसतात.

मधल्या चर्चमध्ये घाई करू नका. उत्तरेच्या भिंतीवर गिऑर्गी आणि तमार शेजारी शेजारी रंगवलेत. तमारच्या नावापुढे दीर्घायुष्याची प्रार्थना आहे, बापाच्या नावापुढे नाही. आणि तिच्या डोक्यावर विवाहित स्त्रीचं वस्त्र नाही. म्हणजे चित्र 1184 मध्ये तो गेल्यानंतरचं आणि 1186 च्या सुमाराच्या तिच्या लग्नाआधीचं. आत काळोख असतो. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला चार-पाच मिनिटं द्या, नाहीतर नुसती निळसर भिंत दिसते. पुढे बोगद्याच्या पायऱ्यांनी वाट जाते. पायऱ्या उंच-सखल, छत बुटकं. पाठीवरची सॅक पुढे घ्या, मोबाइलचा टॉर्च हातात ठेवा. तळ गुळगुळीत झालेले बूट इथे दगा देतात, कारण टफचा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ दगड झिजून त्यावर बारीक भुकटी साचते. गुडघे कुरकुरत असतील तर वरपर्यंत नेणारी छोटी गाडी मिळते, तिचे पैसे वेगळे. पण आतल्या पायऱ्या तिने चुकत नाहीत.

उप्लिसत्सिखेचं नेमकं उलट. तिथे दाखवणारं माणूस नसेल तर मोकळ्या खडकावर अर्धा तास भटकून, वाऱ्याने हैराण होऊन खाली याल. बघायचं ते छतात आहे. एका दालनाच्या कमानीत अष्टकोनी चौकटी कोरल्यात, रोमन धाटणीच्या. 'तमारचं दालन' म्हणतात त्याच्या छतात चक्क लाकडी तुळया कोरल्यात. डोंगर कोरून केलेल्या खोलीला तुळईची गरज काय? काही नाही, डोळ्याला लाकडी घराची सवय होती म्हणून. (नाव तमारचं असलं तरी दालन तिच्या कितीतरी शतकं आधीचं.) हे दोन्ही मान वर केल्याशिवाय दिसत नाही, आणि मान वर करा असं सांगणारी खूण तिथे नाही. म्हणून गाइडचे पैसे खर्चायचेच तर इथे खर्चा. वाळूखडक झिजून गोलसर झालाय, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, सावली तर जवळजवळ नाहीच. उतरताना आल्या वाटेने न येता नदीकडे उघडणाऱ्या बोगद्यातून या.

खेर्त्विसीला वीस मिनिटं पुरतात. पारवानी आणि मत्कवारीच्या संगमावरचा हा किल्ला, आजचे तट 1354 चे. जागा का निवडली हे रस्त्यावरूनच कळतं, दोन्ही खोऱ्यांच्या वाटा त्याच्या नजरेत आहेत.

रबातीबद्दल जरा सौम्य झालोय. 2011-12 मध्ये केलेलं नूतनीकरण इतकं चकचकीत आहे की जुना दगड कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते शोधावं लागतं. पण दिवे लागल्यावर, दिवसभराची दगदग संपवून निवांत फिरायला जागा चांगली आहे. खालचा दुकानांचा भाग फुकट, तिकीट वरच्या भागाचं. मशीद, संग्रहालय आणि बालेकिल्ला वरच. भर दुपारचे दोन तास मात्र त्याला देऊ नका.

हिशेब. दर माणशी नसतो, गाडीचा असतो. चौघं असाल तर खासगी टूर परवडते. दोघं असाल तर तिबिलिसीच्या दिदुबे तळावरून मार्श्रुत्का, म्हणजे मिनीबस, पकडून अखलत्सिखेला जा, रात्र काढा आणि सकाळी तिथूनच जाऊन-येऊन टॅक्सी ठरवा. थांबण्याचे तास बोलूनच बसा. उन्हाळ्यात खासगी गाडी घेतलीच तर परतीला निनोत्समिंदा-त्साल्का हा वरचा रस्ता मागा. दोन हजार मीटरच्या वरच्या पारवानी तळ्याजवळून जातो आणि आलेलाच रस्ता पुन्हा बघावा लागत नाही. हिवाळ्यात बर्फामुळे हा नाद नको.

बुकिंगच्या मेसेजमध्ये तीन ओळी लिहा आणि उत्तर लेखी घ्या: वर्दझियाला सकाळीच पोचायचं (मुक्काम असेल तर दहाच्या आत, एका दिवसात असेल तर अकराच्या सुमाराला). उप्लिसत्सिखेत गाइड आत येणार. तिकिटं दरात आहेत की नाहीत. तिसऱ्याचं उत्तर लगेच येतं. पहिल्यावर 'बघू' आलं तर दुसरी गाडी शोधा.