पर्कशन कॅप ऑनलाइन घेताय? आधी हे वाचा, माझे पैसे गेलेत

मी टेक्सासला असतो आणि सुट्टीच्या दिवशी रेंजवर जाऊन ब्लॅक पावडर रिव्हॉल्व्हर चालवायचा नाद आहे. गावाकडच्या ठासणीच्या बंदुकीचीच जात, फक्त सहा घरांची. माझी १८५१ च्या कोल्ट नेव्हीची इटालियन रेप्लिका आहे, .३६ कॅलिबरची. पुढून पावडर आणि शिशाची गोळी ठासायची, मागे निपलवर (प्रत्येक घराच्या मागचं छोटं पोकळ बोंड) तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, तीच पर्कशन कॅप, हॅमर (घोडा) पडला की ती उडते आणि आग निपलच्या भोकातून आत जाते. कॅप नाही तर सगळं शोभेचं.

२०२० नंतर इथे प्रायमरचा (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) जो तुटवडा झाला त्यात कॅपही गायब झाल्या. दुकानात रिकामे शेल्फ आणि ऑनलाइन लोक वाट्टेल तो भाव लावून विकत होते. अशात एकाने १० नंबरच्या कॅप, नामांकित कंपनीचा सीलबंद डबा म्हणून फोटो टाकला, भाव चढा पण बाकीच्यांपेक्षा कमी. बोलायला एकदम गोड, आजोबांचं कलेक्शन विकतोय वगैरे. पैसे मात्र पेमेंट ॲपमधल्या "फ्रेंड्स अँड फॅमिली" पर्यायानेच पाठवा म्हणाला, फी वाचते म्हणे.

पार्सल आलं साध्या पोस्टाने. बाहेर कसलंच लेबल नाही. इथेच खरं तर सगळं कळतं, कारण कॅप म्हणजे स्फोटक माल, अमेरिकन पोस्टाने पाठवायला बंदीच आहे, खरा दुकानदार कुरिअरने पाठवतो आणि वर हॅझमॅट (धोकादायक मालाची) फी घेतो (ती फी बघून आपण कुरकुरतो ती गोष्ट वेगळी).

डबा कंपनीचाच होता पण आतला माल घरगुती. कोणीतरी सोड्याच्या कॅनचा पत्रा कापून टोप्या पाडल्या होत्या आणि आत काय भरलं होतं देव जाणे. तांब्याचा रंग नाही, एकदोन टोप्यांवर तर कॅनची लाल छपाई दिसत होती!! काही निपलवर जाईनात, काही इतक्या सैल की नळी खाली केली की गळून पडत. रिकाम्या चेंबरवर लावून बघितल्या तर निम्म्या दिवाळीतल्या ओल्या टिकल्यांसारख्या फुस्स, आणि ज्या उडाल्या त्या एवढ्या जोरात की पत्र्याचे तुकडे हॅमरच्या खाचेत अडकले. चष्मा होता म्हणून ठीक. दुसऱ्या दिवशी निपलवर गंज.

काही लोक हौसेने स्वतःपुरत्या कॅप बनवतात, त्यात बोटं आणि डोळे जायची भीती असते पण निदान स्वतःचं स्वतः निस्तरतात. हा माणूस तेच कंपनीच्या डब्यात भरून दुसऱ्याच्या हातात देतोय, याला काय म्हणायचं सांगा.

पैसे परत मागितले तर पहिल्यांदा "तुमचा निपल खराब असेल" आणि मग ब्लॉक. पेमेंट ॲपवाले म्हणाले फ्रेंड्सला पाठवलेल्या पैशांवर क्लेम लागत नाही. उरलेल्या कॅप कचऱ्यात टाकायच्या नसतात, मी फायर डिपार्टमेंटला फोन करून विचारलं, त्यांनी येऊन नेल्या.

तर घ्यायच्या आधी डबा उघडून आतल्या कॅपचा फोटो मागा, आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून. आणि हो, तोच फोटो परवा दुसऱ्या नावाने परत आलाय, झाकणाच्या डाव्या कडेला पोचा आहे आणि मागे हिरवा टेबलक्लॉथ. दिसला तर लगेच रिपोर्ट मारा.