लहान मुलांसाठीच्या रोजच्या युक्त्या: बोलून करायच्या की मांडून ठेवायच्या?

दोन ते पाच वर्षांच्या मुलाला वेळेवर घराबाहेर काढणं, स्क्रीनसमोरून उठवणं, खेळणी आवरणं आणि झोपवणं. रोजची बरीचशी ओढाताण याच चार ठिकाणी होते. त्यावरच्या युक्त्याही सगळ्यांच्या कानावर आलेल्या असतात: पर्याय द्या, आधी सूचना द्या, स्टिकर द्या, टायमर लावा, खेळणी कमी करा. सगळ्या एकदम सुरू केल्या की एकही अंगवळणी पडत नाही, त्यामुळे निवड करावी लागते.

निवडताना मी एक प्रश्न आधी विचारते: ही युक्ती चालायला दर वेळी मोठ्या माणसाला बोलावं लागतं, की एकदा मांडून ठेवली की ती आपली आपण चालते? बोलण्याच्या युक्त्या तयारीशिवाय सुरू करता येतात, पण त्या आपल्या संयमावर चालतात आणि संध्याकाळपर्यंत तो संपत आलेला असतो. मांडण्याच्या युक्त्यांना सुरुवातीला वेळ द्यावा लागतो, पुढे फारसं काही लागत नाही. माझा कौल बहुतेक वेळा मांडण्याच्या बाजूने आहे.

बूट आणि जॅकेट

इथे तुलना अगदी सरळ आहे. "अरे, हा डावा, तो दुसऱ्या पायात" हे रोज सांगण्यात अर्थ नाही, कारण डावं-उजवं पक्कं व्हायला बहुतेक मुलांना सहा-सात वर्षं उजाडतात. त्याऐवजी मुलाच्या आवडत्या प्राण्याच्या चेहऱ्याचं मोठं स्टिकर घ्या, मधोमध उभं कापा आणि डावा अर्धा डाव्या बुटात, उजवा अर्धा उजव्या बुटात, टाचेच्या जागी आतून चिकटवा. बूट शेजारी शेजारी बरोबर ठेवले की चेहरा पुरा होतो. उलटे ठेवले तर दोन्ही कान मध्ये येतात आणि मुलाला ते स्वतःच दिसतं. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावायला विसरू नका, नाहीतर घामाने आणि घासण्याने चित्र लवकर निघून येतं.

जॅकेटसाठीही असंच. चेन उघडून जॅकेट जमिनीवर पसरा, आतली बाजू वर आणि कॉलर मुलाच्या पायांकडे. मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि जॅकेट डोक्यावरून मागे उलटवायचं. तीनेक वर्षांच्या मुलाला हे चांगलं जमतं. पहिल्या काही वेळा सोबत करून दाखवावं लागतं आणि त्यात घाई चालत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी शिकवा.

पर्याय तोंडी विचारावे की हातात धरून दाखवावे?

"लाल शर्ट घालायचा की निळा?" ही युक्ती चांगली आहे, कारण मुलाला आपलं काही चालतं असं वाटतं आणि शर्ट अंगात जातो. अट एवढीच की दोन्ही पर्याय आपल्याला मनापासून मान्य असावेत. पण अगदी लहान मुलांच्या बाबतीत यात एक मेख आहे. २०१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी साधारण दोन वर्षांच्या मुलांना असे दोन पर्यायांचे प्रश्न विचारले, तेव्हा तोंडी उत्तर देताना मुलांनी सुमारे ८५ टक्के वेळा दुसरा, म्हणजे शेवटी ऐकलेला पर्याय सांगितला. बोट दाखवून उत्तर देताना मात्र हा कल दिसला नाही.

म्हणून "तूच तर निळा म्हणालास!" यावरून दोन वर्षांच्या मुलाशी वाद घालू नये. त्याने निळा निवडलेलाच नसण्याची शक्यता खूप आहे. त्याने फक्त शेवटचा शब्द परत म्हटला. दोन्ही शर्ट समोर धरा आणि हात कुठे जातो ते पाहा. चार वर्षांपुढच्या, बोलकं झालेल्या मुलाला तोंडी विचारलं तरी चालतं. आणि ज्या गोष्टीत खरा पर्याय नाही, तिथे तो देऊ नये. "आता दात घासायचे का?" असं विचारलं की "नाही" हे उत्तर आपणच मागून घेतलेलं असतं.

"दोनच मिनिटं हं": सूचना की टायमर?

सगळ्यात जास्त शिफारस होते ती या सूचनेची, आणि स्क्रीनच्या बाबतीत माझा तिच्यावर सगळ्यात कमी विश्वास आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०१६ च्या एका अभ्यासात एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या पालकांनी स्क्रीन बंद करण्याच्या प्रसंगांच्या नोंदी ठेवल्या होत्या. दोन मिनिटं आधी सूचना दिल्यावर मुलं जास्त बिथरली. याउलट स्क्रीन बंद होणं रोजच्या क्रमाचाच भाग असेल, किंवा कार्यक्रम आपोआप संपत असेल, तेव्हा मुलं सहज उठली.

यातून घरी करण्यासारखं काम एकच: पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. मुलाला "दहा मिनिटं" कळत नाहीत, "हा भाग संपेपर्यंत" कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सुचवली आहे, तीही कमी असेल तितकी बरी. भाग मोजून ठरवले तर ही मर्यादा पाळणं सोपं जातं.

खेळ किंवा बागेसाठी सूचना चालते, पण तिथेही दिसणारी वेळ जास्त उपयोगी. मोबाईलचा गजर मुलाला अचानक वाजल्यासारखाच वाटतो. वाळूचं घड्याळ किंवा कमी होत जाणारी रंगीत चकती असलेला टायमर असेल तर वेळ सरताना दिसते. दात घासायला दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ पुरेसं आहे. बॅटरीवरचा टायमर घेणार असाल तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं आहे ना, हे आधी पाहा. बटणासारखी छोटी बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांच्या आतही अन्ननलिका भाजू शकते. या बाबतीत तडजोड नको.

स्टिकरचं बक्षीस

स्टिकरचे तक्ते लवकर परिणाम दाखवतात, म्हणून मोह होतो. मी ते एखाद्याच कामापुरते आणि थोड्या दिवसांसाठी ठेवीन, उदाहरणार्थ शी-शूची सवय लावताना. मुलाला मुळातच आवडणाऱ्या कामाला बक्षीस जोडणं मात्र टाळावं. १९७३ साली स्टॅनफर्डमध्ये चित्र काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग झाला होता. ज्यांना आधीच बक्षीस कबूल केलं होतं, त्यांनी नंतर मोकळ्या वेळात चित्र काढणं कमी केलं. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळालं, त्यांची आवड टिकून राहिली. दोन-तीन वर्षांची मुलं घरकामात मदत करायला स्वतःहून धावून येतात. त्या उत्साहाला भाव लावू नये असं मला फार वाटतं.

खेळणी: सगळी बाहेर की पाळीपाळीने?

पाळीपाळीने. २०१८ च्या टोलिडो विद्यापीठाच्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली होती. चार असताना मूल एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळलं. बाकीची खेळणी नजरेआड ठेवा आणि रस कमी झालेला दिसला की अदलाबदल करा.

एकच मोठी टोपली की वेगवेगळे डबे, याचं उत्तर वयावर आहे. मोठ्या टोपलीत आवरणं सोपं, पण तळाचं खेळणं काढायला सगळं उपडं होतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी टोपलीच बरी. पुढे दोन-तीन उघडे डबे आणि प्रत्येकावर आतल्या वस्तूचं चित्र.

बोलण्याची युक्ती कुठे सरस ठरते

प्रवासात, दुसऱ्याच्या घरी, रांगेत. तिथे स्टिकर, डबे, टायमर काही नसतं. अशा वेळी "आधी बूट, मग बाग" हे दोन-चार शब्दांचं वाक्य फार कामाचं आहे. नावडती गोष्ट आधी, आवडती लगेच नंतर, आणि बाग आज खरोखर ठरलेली असली पाहिजे. रडणं सुरू झाल्यावर नवीन आमिष दाखवणं हा वेगळा प्रकार आहे आणि त्यातून मूल रडायलाच शिकतं.

मुलाला दिवसभरात तीन-चार वेगवेगळी माणसं सांभाळत असतील तर मात्र मांडणीपासूनच सुरुवात करा. प्रत्येकाने सारखंच बोलावं ही अपेक्षा पुरी होत नाही. बुटातलं चित्र सगळ्यांना एकच गोष्ट सांगतं.

झोपेचा क्रम

एकाच गोष्टीला वेळ देता येणार असेल तर इथे द्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, ४०५ माता आणि त्यांच्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अभ्यासात रोजचा क्रम अगदी साधा होता: अंघोळ, हलका मसाज, मग कुशीत घेणं किंवा अंगाई, आणि अंघोळीनंतर अर्ध्या तासात दिवा बंद. दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली आणि आयांची मनःस्थितीही सुधारली.

घरी हा क्रम तीन-चार चित्रांत काढून पलंगाशेजारी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, म्हणजे "आता काय राहिलं?" हे मूलच तुम्हाला सांगेल. निदान दोन आठवडे तरी द्या. मध्ये प्रवास किंवा आजारपण आलं तर त्या रात्री एखादी पायरी गाळा, पण उरलेल्यांचा क्रम तोच ठेवा.