कोटेशन स्पॅममध्ये जातंय: होस्टिंगचाच मेल ठेवायचा की वेगळी मेल सर्व्हिस घ्यायची?

आमचं शिरोली एमआयडीसीत मशिनिंगचं काम, त्यामुळे मेल म्हणजे कोटेशन, ड्रॉइंग, इनव्हॉइस आणि टेस्ट सर्टिफिकेट, बस. न्यूजलेटर नाही, ऑफर नाही. ज्यांना रोज हजारो लोकांना मेल टाकायचेत त्यांचं गणित वेगळं असतं, त्यांच्यासाठी हे नाही. आपल्यासारखे जे दिवसाला पन्नासेक मेल पाठवतात आणि त्यातला एक जरी पर्चेसवाल्याच्या स्पॅममध्ये गेला तरी ऑर्डर हातची जाते, त्यांच्यासाठी लिहितोय. एसपीएफ (आपल्या डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासणीत मेल नापास झाला तर त्याचं काय करायचं ते सांगणारी ओळ) हे शब्द एव्हाना कानावरून गेलेत असं धरून चालतो.

आधी एक गोष्ट करा, म्हणजे कदाचित काहीच बदलावं लागणार नाही. कंपनीच्या आयडीवरून स्वतःच्या जीमेलला मेल टाका, तो उघडून तीन टिंबांवर जाऊन शो ओरिजिनल बघा. वरच एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिघांपुढे पास आहे की फेल ते दिसतं. फेल असेल तर दोष डोमेनच्या सेटिंगमध्ये आहे, सर्व्हिस बदलायच्या आधी ते दुरुस्त करा. सगळ्यात जास्त दिसणारा घोळ म्हणजे एसपीएफच्या दोन ओळी. एक होस्टिंगवाल्याने सुरुवातीला टाकलेली, दुसरी नंतर कुणीतरी सीआरएम नाहीतर बिलिंगचं सॉफ्टवेअर जोडताना त्यांच्या हेल्प पेजवरून उचलून चिकटवलेली. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते, दोन असल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही सोडून देतो, म्हणजे असून नसल्यासारखं. दोन्हीतला मजकूर एका ओळीत घ्यायचा, आणि त्या ओळीतून पुढे होणारे डीएनएसचे (डोमेनच्या या नोंदी जिथे असतात ते) लुकअप, म्हणजे शोध, सगळे मिळून १० च्या आत ठेवायचे, वर गेले की तेही फेल.

२०२४ च्या फेब्रुवारीत गूगल आणि याहूने नवीन नियम लावले तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की हे फक्त मोठ्यांसाठी आहे. डीमार्क आणि एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब हे रोज ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांनाच सक्तीचं, हे खरंय, पण जीमेलला पाठवायचं तर एसपीएफ किंवा डीकिमपैकी एक तरी, सर्व्हरचा रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सापडणं) बरोबर असणं आणि टीएलएस (मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद जाणं), हे दिवसाला पाच मेल पाठवणाऱ्यालाही लागतं.

आता खरा प्रश्न. तिन्ही पास आहेत, मजकूर साधा आहे, एक पीडीएफ जोडलीय, आणि तरी मेल स्पॅममध्ये. इथे होस्टिंगचा मेल (वेबसाइटच्या होस्टिंगबरोबरच मिळतो तो) आणि वेगळी सर्व्हिस यांच्यात फरक पडायला लागतो.

शेअर्ड होस्टिंगमध्ये आपल्यासोबत शेकडो वेबसाइट एकाच सर्व्हरवर असतात आणि सगळ्यांचा मेल बहुतेक वेळा एकाच आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) बाहेर पडतो. त्यातल्या कुणाची जुनी वर्डप्रेस साइट हॅक झाली आणि तिथून रात्रभर भलतेसलते मेल सुटले की त्या आयपीचं नाव खराब होतं, स्पॅमहॉससारख्या, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत जातं, आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं. आपण काहीच केलेलं नसतं. एसपीएफ पास म्हणजे फक्त एवढंच की या सर्व्हरला आपल्या नावाने पाठवायची परवानगी आहे, तो सर्व्हर चांगला आहे असं त्यातून कुणी मानत नाही.

आणि माझ्यासाठी निर्णय झाला तो याच्याही पुढच्या एका त्रासामुळे. स्पॅममध्ये गेलेला मेल बाउन्स होत नाही, म्हणजे पोचला नाही असं सांगत परत येत नाही. समोरचा सर्व्हर मेल घेतो, मिळाला म्हणून सांगतो, आणि मग गुपचूप स्पॅममध्ये टाकतो. आपल्या लॉगमध्ये डिलिव्हर्ड. होस्टिंगच्या सपोर्टला फोन केला की ते लॉग बघून सांगतात, सर, आमच्याकडून मेल गेलेला आहे, तुम्ही क्लायंटला विचारा. क्लायंटचा आयटीवाला म्हणतो तुमच्या सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे. दोघांचंही बरोबर, आणि मधल्या मध्ये कोटेशनची तारीख उलटून जाते. पर्चेसमधल्या एका साहेबांचा मला फोन आला होता, अहो तुम्ही या वेळी कोटच केलं नाही, आम्ही तिघांचे रेट घेऊन फाइल पुढे पाठवली. आमचं कोटेशन त्यांच्या जंकमध्ये चार दिवस पडून होतं, मी सांगितल्यावर त्यांनी फोनवर बोलता बोलताच शोधून काढलं. त्यांनी फोन केला म्हणून कळलं. जे फोन करत नाहीत त्यांच्या बाबतीत आपण समजतो की रेट जास्त वाटला असेल, आणि पुढच्या कोटेशनला पीसमागे दोन रुपये सोडायचा विचार डोक्यात यायला लागतो. मेल पोचलाच नाही आणि आपण रेट पाडतोय, हे मला अजिबात सहन होईना.

होस्टिंगमध्ये राहून उपाय नाहीत असं नाही. दुसऱ्या सर्व्हरवर हलवा म्हणून मागणी करता येते, ते हलवतातही, पण तिथेही शेजारी कोण हे आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे काही महिने बरं चालतं आणि मग कधी बिघडलं ते कळत नाही. स्वतःचा वेगळा आयपी घ्या असं सुचवतात, पण दिवसाला पन्नास मेलवर त्या आयपीची ओळखच तयार होत नाही आणि अनोळखी आयपीकडेही संशयानेच बघतात. त्यात रिव्हर्स डीएनएस होस्टिंगवाल्यानेच लावून द्यायचा असतो, म्हणजे परत तिकीट टाका आणि वाट बघा.

होस्टिंगच्या बाजूनेही सांगायला हवं. पैसे वेगळे लागत नाहीत, शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरपासून डिस्पॅचपर्यंत सगळ्यांना आयडी देता येतात. आणि काही चांगल्या होस्टिंग कंपन्या बाहेर जाणारा मेल थेट न सोडता फिल्टर करणाऱ्या वेगळ्या गेटवेमधून पाठवतात, त्यांच्याकडे हा शेजाऱ्याचा त्रास बराच कमी असतो. शो ओरिजिनलमध्ये रिसीव्हडच्या ओळी (मेल कुठल्या कुठल्या सर्व्हरमधून आला ते सांगणाऱ्या) वाचा, तुमच्या होस्टिंगच्या सर्व्हरनंतर आणखी कुणाचं नाव दिसलं तर बहुधा तसंच आहे, मग घाई करू नका.

वेगळ्या सर्व्हिसमध्ये माझ्यापुढे गूगल वर्कस्पेस आणि झोहो हे दोन होते. मायक्रोसॉफ्ट ३६५ पण चांगलंच, विशेषतः एक्सेल आणि आउटलुकचं लायसन्स तुम्हाला तसंही घ्यायचंच असेल तर हिशोब तिकडे बसतो. या सगळ्यांचा फायदा एकच, मेल बाहेर सोडणारे सर्व्हर सांभाळणं हाच त्यांचा धंदा आहे, कुणी घाण पाठवायला लागला की ते त्याला लगेच अडवतात कारण त्यांचं स्वतःचं नाव पणाला लागलेलं असतं. मी झोहोवर आहे. आमच्याकडे सात-आठ जणांना आयडी लागतात आणि माणशी दर गूगलपेक्षा बराच कमी पडतो, एवढं साधं कारण. कंपनी चेन्नईची, डेटा सेंटर भारतात, हे पण मला बरं वाटतं. अमित शहांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये झोहो मेलवर गेल्याचं जाहीर केल्यापासून आमच्या एमआयडीसीत खूप जण विचारतात, पण त्यावरून ठरवू नका. तुमचा स्टाफ आधीपासून जीमेल आणि ड्राइव्हमध्येच राहत असेल तर सरळ वर्कस्पेस घ्या, शिकवायचा त्रास वाचेल. पोचण्याच्या बाबतीत मला तरी दोघांत फरक जाणवलेला नाही. आमचा एक व्हेंडर वर्कस्पेसवर आहे, त्याचाही अनुभव असाच. मी काही मोजमाप केलेलं नाही, एवढंच सांगतो की आल्यापासून मेल मिळाला का म्हणून फोन करायची सवय सुटली.

पैसे वाचवायचे तर सेल्स, अकाउंट्स, इन्फो असले आयडी विकत घेऊ नका, ते कुणाच्या तरी बॉक्सला एलियास (त्याच बॉक्सचं दुसरं नाव) नाहीतर ग्रुप म्हणून जोडता येतात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. पगारी माणूस तेवढा युजर.

एक मात्र खरं, सर्व्हिस बदलली म्हणून डोमेनचं नाव धुऊन निघत नाही. आधी तुमच्याच कुणाचा पासवर्ड चोरीला जाऊन हजारो मेल गेले असतील तर तो डाग डोमेनबरोबर नव्या घरी पण येतो, थोडे दिवस जपून पाठवावं लागतं. आणि मोठ्या कंपन्यांत कधी कधी मेल जंकमध्ये पण नसतो, त्यांच्या आयटीच्या क्वारंटाइनमध्ये (संशयित मेल बाजूला ठेवतात तिथे) अडकतो आणि पर्चेसच्या माणसाला तो दिसतच नाही. तिथे झोहो काय आणि गूगल काय, त्यांच्या आयटीकडून आपलं डोमेन मोकळं करून घेणं हाच मार्ग. पर्चेसवाल्याला सांगा, साहेब, मेलला नुसतं रिसीव्हड म्हणून रिप्लाय टाका आणि आयडी सेव्ह करा, त्याचा खरंच उपयोग होतो. पासवर्ड लावलेली झिप आणि छोट्या केलेल्या लिंक पण टाळा.

हलताना जिथे लोक अडकतात ते सांगतो. एमएक्स (आपल्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर यायचा ती डीएनएसमधली नोंद) बदलला तरी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये मेल राउटिंग लोकलच राहिलेलं असतं, मग वेबसाइटवरून आलेली इन्क्वायरी जुन्या बॉक्समध्ये पडत राहते आणि कुणाला पत्ता नसतो. ते रिमोट करायचं. वेबसाइटचा फॉर्म एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) प्लगइन लावून नव्या सर्व्हिसमधूनच पाठवायचा, फ्रॉममध्ये आपलाच आयडी आणि ग्राहकाचा आयडी रिप्लाय-टूमध्ये, नाहीतर डीमार्कला तो मेल खोटा वाटणार. टॅलीतून इनव्हॉइस मेल करत असाल तर तिथे नेहमीचा पासवर्ड टाकून भागेलच असं नाही, टू-स्टेप (पासवर्डशिवाय आणखी एक खात्री) चालू असेल तर अ‍ॅप पासवर्ड (त्या सॉफ्टवेअरपुरता वेगळा पासवर्ड) तयार करून तिथे भरावा लागतो. डीकिमची ओळ डीएनएसमध्ये टाकून थांबू नका, सर्व्हिसच्या अ‍ॅडमिनमध्ये जाऊन ते चालू करायचं बटण दाबावं लागतं, इथे कितीतरी जण अर्ध्यावर राहिलेत. डीमार्क सुरुवातीला पी=नन (फेल झालं तरी काही करू नका, फक्त रिपोर्ट द्या) ठेवा, काही आठवडे रिपोर्ट बघा, आपलं सगळं पास होतंय दिसलं की मगच क्वारंटाइन (फेल झालेला मेल स्पॅममध्ये टाका) करा.

जुने मेल आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचायची आणि हलवायची पद्धत) नवीन बॉक्समध्ये ओढून घेतल्याशिवाय होस्टिंगचे बॉक्स डिलीट करू नका. ड्रॉइंगच्या जुन्या रिव्हिजन तिथेच असतात आणि ऑडिटला नेमक्या त्याच मागतात.