झाकण न काढता घेतलेला मदरबोर्ड

माझा पाचोऱ्यात फोटो-व्हिडिओचा व्यवसाय आहे. लग्नसराईत आता कोणी महिनाभर अल्बमची वाट बघत बसत नाही. सकाळी हळद झाली की संध्याकाळी तिची रील नवरीच्या मोबाईलवर हवी असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. मंडपात लॅपटॉपवर एडिटिंगला बसलं की पंखा बोंबलायला लागतो आणि दहा मिनिटांचा एक्सपोर्ट पाऊण तास चालतो. म्हणून कॅमेऱ्याच्या बॅगेशेजारी मोटारसायकलवर बांधून नेता येईल असा एक छोटा पीसी बनवायचं ठरवलं. त्यात माझे साडेनऊ हजार गेले. पुढच्या माणसाचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

प्रोसेसर, रॅम सगळं ज्यावर बसतं तो मदरबोर्ड, आणि छोट्या डब्यात बसणारा मदरबोर्ड म्हणजे मिनी आयटीएक्स. १७ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. हे माप व्हाया कंपनीने २००१ मध्ये आणलं आणि आजही तेच चालतं. एवढ्याशा जागेत रॅमचे दोनच स्लॉट बसतात आणि ग्राफिक्स कार्डाचा एकच. त्यामुळे बोर्ड निवडतानाच सगळा हिशोब करावा लागतो, नंतर काही वाढवता येत नाही. माझ्याकडे इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर आणि डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या आधीपासून होत्या. म्हणजे सॉकेट, प्रोसेसर बसायची जागा, एलजीए १७०० हवं आणि बोर्ड डीडीआर४ चाच हवा, कारण डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते आणि डीडीआर४ ची पट्टी त्यात बसतच नाही. चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, त्यात एच६१० आणि बी६६० असे दोन पर्याय समोर होते. एच६१० च्या छोट्या बोर्डांवर एम.२ एसएसडीची, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या एसएसडीची, जागा बहुतेक एकच असते. मला दोन हव्या होत्या, एक सिस्टीमला आणि एक फुटेजला. म्हणून मी बी६६० वर अडून बसलो.

जळगावात तीन दुकानं फिरलो. सगळीकडे त्याहून मोठे, मायक्रो एटीएक्सचे बोर्ड रचून ठेवलेले. आयटीएक्स म्हटलं की एकच उत्तर, "मागवावा लागेल भाऊ, पूर्ण पैसे आधी, आणि परत घेणार नाही." त्यांचंही बरोबर आहे, खान्देशात असे बोर्ड वर्षाला किती विकले जाणार? नवा बी६६० पंधरा हजारांच्या पुढे सांगत होते. तेवढ्यात मोबाईलवरच्या एका जुन्या पार्ट्सच्या ग्रुपमध्ये जाहिरात दिसली. बी६६० आयटीएक्स, डीडीआर४, "फक्त दोन महिने वापरलेला, डब्यासह, वॉरंटी शिल्लक". किंमत साडेनऊ हजार. विकणारा बाहेरच्या मोठ्या शहरातला.

मी अगदीच डोळे झाकून पैसे दिले नाहीत. फोटो मागवले. सॉकेटवर काळं झाकण होतं. ते काढून दाखवा म्हटलं तर म्हणाला, "झाकण उघडं ठेवलं तर धूळ बसते, कंपनी वॉरंटी देत नाही." वॉरंटीत बोर्ड पाठवताना झाकण लागतं हे मला माहीत होतं, म्हणून ते मला पटलं. मग त्याने व्हिडिओ कॉलवर बोर्ड चालू करून दाखवला. टेबलावर उघडा बोर्ड, त्यावर कूलर, रॅमची एक पट्टी लावलेली, बायोसची, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगची, स्क्रीन आली. मी दोन-तीन स्क्रीनशॉट काढून ठेवले आणि दोन हजार टोकन पाठवलं. पार्सल बांधल्याचा फोटो आल्यावर उरलेले साडेसात हजार पाठवले. पैसे ज्या खात्यात गेले त्यावरचं नाव त्याच्या नावाशी जुळत नव्हतं. "बायकोचं खातं आहे" म्हणाला. तिथेच थांबायला हवं होतं.

पाच दिवसांनी पार्सल आलं. मी एकटाच दुकानात होतो, व्हिडिओ न काढता उघडलं. डबा कंपनीचा, बोर्ड स्वच्छ, झाकण जागच्या जागी. ट्यूबलाइटखाली प्रोसेसर बसवला, त्याच्यावरची धातूची प्लेट दाबली, झाकण टक् करून वर उडालं. दोन्ही पट्ट्या लावल्या. पंखे तीन सेकंद फिरले, थांबले, परत फिरले, परत थांबले. स्क्रीन काळीच. एक पट्टी काढली तर पीसी चालू झाला. तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली की पुन्हा काळोख. दोन दिवस मी रॅमलाच दोष देत होतो.

शेवटी सगळं घेऊन रेल्वेने जळगावला गेलो. तिथे माझ्या ओळखीचे एक मेकॅनिक काका आहेत, चिप लेव्हलची कामं करतात. त्यांनी प्रोसेसर काढला, खोलीतला दिवा बंद केला आणि मोबाईलचा टॉर्च सॉकेटवर अगदी तिरपा धरला. एलजीए १७०० मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, सतराशे बारीक पिना. तिरप्या उजेडात सगळ्या ओळी एकाच दिशेला चमकत होत्या. एका कोपऱ्यात मात्र आठ-दहा पिना वेड्यावाकड्या झोपल्या होत्या. वादळ होऊन गेल्यावर रावेरकडे केळीच्या बागेत एखादा पट्टाच आडवा झालेला दिसतो, अगदी तसं. दोन पिना तर मुळातून तुटलेल्या होत्या. रॅमचे सिग्नल तिथूनच जातात, म्हणून एक स्लॉट मेलेला.

माझ्या पोटात गोळा आला. कारण मला वाटलं, हे माझ्याच हातून झालं. प्रोसेसर मी बसवला, प्लेट मी दाबली. विकणाऱ्याला फोन केला तर तोही हेच म्हणाला, "भाऊ, मी चालू करून दाखवला होता ना? पिना तुम्ही वाकवल्या." मला काही बोलताच येईना. घरी आलो, कुणाला सांगितलं नाही. चार दिवस असेच गेले. या फसवणुकीची खरी मेख इथेच आहे. नकली वस्तू आली असती तर मी त्याच दिवशी ओरडलो असतो. इथे फसलेला माणूस स्वतःवरच संशय घेत गप्प बसतो आणि समोरच्याला पैसे हलवायला वेळ मिळतो.

पाचव्या दिवशी काकांचाच फोन आला. "त्या कॉलचे फोटो काढले होते म्हणाला ना, पाठव बरं." पाठवले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "भाऊ, तुनी चूक नही शे." त्यांनी दाखवलं तेव्हा मला दिसलं. कॉलमध्ये एकच पट्टी होती, आणि ती माझ्याकडे जो स्लॉट चालतो त्याच स्लॉटमध्ये होती. मेलेला स्लॉट रिकामा. त्याला आधीपासून माहीत होतं. मग डब्यावरचा सिरियल नंबर आणि बोर्डावरच्या स्टिकरचा नंबर शेजारी ठेवून पाहिले, शेवटचे चार आकडे वेगळे. डबा दुसऱ्याच बोर्डाचा होता. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनेही सांगितलं की वाकलेल्या पिना वॉरंटीत येत नाहीत, आणि न जुळणारा नंबर तर अजिबात नाही.

त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. तोवर पैसे जाऊन अकरा दिवस झाले होते. खातं रिकामं निघालं. लगेच कळवलं असतं तर रक्कम खात्यातच अडवता आली असती, असं पोलीस ठाण्यातल्या हवालदारसाहेबांनी सांगितलं. माणूस चांगला होता, रागावला नाही. विकणाऱ्याने मला तोवर ब्लॉक केलं होतं.

जुना बोर्ड घ्यायचाच असेल तर मी आता काय मागेन ते सांगतो. झाकण काढून, टॉर्च तिरपा धरून, चारही बाजूंनी सावकाश काढलेला सॉकेटचा व्हिडिओ. दोन्ही स्लॉट भरलेले आणि बायोसमध्ये दोन्ही पट्ट्या दिसतायत असा. डब्याचा आणि बोर्डाचा नंबर एकाच फ्रेममध्ये. जो प्रामाणिक आहे त्याला यात पाच मिनिटंही लागत नाहीत. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, म्हणून तिथे हा खेळ चालत नाही. २०२२ पासूनच्या एएम५ मध्ये मात्र चालतो. पार्सल आल्यावर टेप कापण्यापासून सॉकेट बघण्यापर्यंत एकाच दमात व्हिडिओ काढा, मोबाईल धरायला घरातलं कोणीतरी बोलवा. आणि काही बिघडलं तर आधी १९३०, मग चूक कोणाची याचा विचार.

"नवीन आयटीएक्स बोर्ड" म्हणून तीन-साडेतीन हजारांत जे मिळतात त्यांचंही सांगून ठेवतो, कारण धरणगावच्या एका मित्राला तसा मिळाला. त्यावर एच६१ चिपसेट होता, २०११ च्या काळातला. बोर्ड नवा, पण चिप जुन्या बोर्डातून काढून बसवलेली. एच६१ ला स्वतःचं यूएसबी ३ नाही आणि त्यावर बसणाऱ्या प्रोसेसरांना विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा नाही. घेणाऱ्याला हे सांगून विकलं तर तक्रार नाही, पण सांगत कोणी नाही.

मी शेवटी जळगावच्या दुकानातूनच एच६१० चा नवा बोर्ड मागवला. चार दिवसांत आला, दहा हजार चारशे, बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला. काका म्हणाले की १२४०० ला एच६१० भरपूर झाला, दुसरी एसएसडी साटाची, म्हणजे वायरने जोडायची, लाव. तशीच लावली. मे महिन्यात पिंपळगावच्या लग्नात तो पीसी दिवसभर मंडपात चालला.

खराब बोर्ड तक्रारीचा पुरावा म्हणून कपाटात ठेवलाय. गेल्या महिन्यात ग्रुपमधल्या एकाला त्याचा सुगावा लागला. मेसेज आला, "पिन खराब असल्या तरी चालेल, बाराशे देतो." मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचाच पुन्हा मेसेज, "झाकण आणि डबा आहे का? असेल तर वरून पाचशे."